उन्हातली गार जागा

१

या वर्षी डोंगर राखायची पाळी माझी होती. बर्फ वितळलं की आमच्या गावाच्या, तोरशेल्याच्या, वरचा उतार आम्ही बंद करतो. पानगळ होईपर्यंत तिथे शेळी चढायची नाही आणि कुऱ्हाडही चढायची नाही. ही बंदी गावाने घातलेली आहे, सरकारने नाही, म्हणून ती पाळली जाते. राखणदाराने सकाळी फडक्यात रोटी आणि कुरूताचा, म्हणजे वाळवलेल्या ताकाचा, खारट गोळा बांधून वर जायचं, उतारभर फिरायचं, एखादी चुकार शेळी दिसली तर तिला आणि तिच्या मालकाला शिव्या घालायच्या आणि दुपार कलली की उतरायचं. गुडघे कुरकुरणाऱ्या माणसालाच हे काम देतात. तरुणांना दिलं तर ते आपल्याच शेळ्या चारून आणतात.

आमच्या डोंगरावर जुनिपरशिवाय दुसरं झाड नाही. सगळी झाडं म्हातारी, पिळवटलेली, अर्धी वाळलेली. माझ्या पणजोबाने पाहिली तेव्हाही ती म्हातारीच होती म्हणतात. कोवळं झाड मात्र क्वचितच दिसतं, कारण या झाडाचं रोप उघड्यावर जगत नाही. कस्तूर पक्षी फळं खातो, काटेरी झुडपात बसून शिटतो आणि त्यातलं एखादं बी झुडपाच्या बुडाशी धरतं. मग पुढची कित्येक वर्षं त्याच्या डोक्यावर कुणाची तरी सावली लागते. झुडपाची, खडकाची, नाहीतर थोरल्या झाडाची. एकदा क्वेट्ट्याच्या एका साहेबाने उघड्या उतारावर रोपं लावून घेतली होती. खड्डे मीच खणले होते. पुढच्या उन्हाळ्यात नुसते खड्डे उरले.

म्हणून त्या सकाळी मी थांबलो. उघड्या, मुरमाड जागेवर, जिथे पाच पावलांत झुडूप नाही की दगड नाही, तिथे जुनिपरची रोपं उगवली होती. बोटभर उंच, दाट, एकमेकांना खेटून. बोटभर म्हणजे आमच्याकडे आठ-दहा वर्षं धरा. उकिडवा बसलेला माणूस जेवढी जागा अडवेल तेवढ्याच जागेत ती होती. त्याच्या बाहेर एकही नाही.

आधी मला आनंदच झाला. मग मी खाली बसून त्यांच्यावर हात धरला. पाठ उन्हाने भाजत होती, पण हात गार पडला. मी हात मागे घेतला, तो परत तापला. पुन्हा पुढे केला, पुन्हा गार. तिथे उजेड होता, पण ऊन नव्हतं.

मी लगेच ठरवलं की इथे मोठा दगड असणार आणि तो पायंदाने हलवला असणार. दगड हलवल्याचा खळगा नव्हता, ढकलल्याची खूण नव्हती. तरी मी तेच ठरवलं. आमच्याकडे दूध नासलं तरी ते चुलतभावानेच नासवलेलं असतं.

२

पायंदा माझा सख्खा चुलतभाऊ. ओढ्याच्या पलीकडे त्याचं घर, अलीकडे माझं. भाऊबंदकी आजोबांपासूनची. दोन्ही घरं एकमेकांना पाण्यात पाहतात, आणि पाणी तर नाहीच. डोंगरातून पाणी आणणारं कारेझचं भुयार आटत चाललंय, जे येतं त्यावर सफरचंदाच्या बागा जगवायच्या, म्हणून दर उन्हाळ्यात पाळीवरून डोकी फुटतात.

दोन वर्षांमागे माझा मुलगा बारान आणि पायंदाचा मुलगा झल्मय यांची अशीच हातघाई झाली. त्यानंतर चारेक दिवसांनी झल्मय नाहीसा झाला. भर दुपारी स्वतःच्या खोलीत झोपला होता. बाहेर आई चुलीशी, बाप अंगणात. वहाणा खाटेखाली तशाच राहिल्या आणि पोरगा राहिला नाही. प्रेत मिळालं नाही. पायंदा म्हणाला, बारानने मारला. बारान म्हणाला, मी नाही. जिरग्याने, म्हणजे पंचांच्या बैठकीने, दोन्ही घरांच्या मध्ये तहाचा दगड ठेवला, तो आहे तोवर सूड नाही, आणि त्याची मुदत एकदा वाढवून दिली. यंदाच्या पानगळीला, डोंगराची बंदी उठेल त्या दिवशी, तो दगडही उचलला जाणार होता. त्यानंतर बारानला गोळी घालायला पायंदाला कुणी अडवणार नव्हतं.

म्हणजे मी डोंगर राखत होतो आणि जितके दिवस राखत होतो तितके दिवस माझा मुलगा जगणार होता. झोप येत नव्हती मला. असल्या माणसाला काहीही दिसू शकतं, हे मी स्वतःला रोज सांगत होतो.

हलवलेला दगड शोधायला दुसऱ्या दिवशी मी वर चढलो. दगड मिळाला नाही. मिळाली ती आणखी रोपं. पहिल्या जागेच्या बरोबर वरच्या बाजूला, उघड्यावरच, आणि ही घोट्याएवढी. तेवढीच जागा. त्याच्या वर गुडघ्याएवढी. त्याच्या वर कमरेएवढी, म्हणजे माझ्या आजोबांच्या आधीची. लहानपणापासून मी त्या झुपक्यांशेजारून गेलो होतो. शेळ्या वळवल्या होत्या, लघवीला बसलो होतो. ते सगळे एका सरळ रेषेत आहेत हे मला कधी दिसलं नव्हतं, कारण मी कधी वरून खाली पाहिलं नव्हतं.

आता पाहिलं. रेष माझ्या घरावर जात होती.

सगळ्यात वर, खिंडीपाशी, जुन्या प्रचंड झाडांचं एक कोंडाळं आहे. त्यांचे बुंधे बाहेरच्या बाजूला वाकलेत आणि मध्ये माणूस बसेल एवढी जागा मोकळी आहे. त्या मोकळ्या जागेत मी पाय ठेवला नाही. आपण म्हातारे होत चाललोय, सरबिलंद, असं मी मोठ्याने म्हणालो आणि उतरलो. उतरताना भीती वाटली हे सांगायला मला लाज नाही.

३

रेष खालीही जात असणार, हे कळायला शहाणपण लागत नव्हतं. तरी मी ते दोन दिवस टाळलं. मग एका दुपारी घरामागच्या अंगणात गेलो.

अंगण उघडं आहे. भिंतीशी काही नाही, ना झाड, ना मांडव. भिंतीपलीकडे बारान आणि त्याची बायको शीनो यांची खोली. भर उन्हात सगळ्या कोंबड्या भिंतीपासून दोन हातांवर एका ठिकाणी दाटीवाटीने बसल्या होत्या, पंख सैल सोडून, चोची उघड्या न ठेवता. मी त्यांना हुसकलं. खाली सुईएवढे हिरवे कोंब होते, याच वसंतातले.

शीनो दारात उभी होती. तिला सहावा महिना होता. ती सहज म्हणाली, "बाबा, राहू द्या की त्यांना. तिथे गार असतं. मी पण दुपारी तिथेच लोकर पिंजत बसते."

मी तिला ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा सुनेवर ओरडलो, आणि का ते सांगता येईना.

मी कोंब उपटले. जमीन खणून काढली. चुन्याचं पाणी ओतलं. सावलीवर चुना ओतणारा शहाणा मीच. दुसऱ्या दिवशी कोंबड्या तिथेच बसल्या होत्या.

जेवताना मी बारानला म्हणालो, खोली बदला, नाहीतर हरनाईला मामाकडे जाऊन राहा. तो हसला. बारान हसला की त्याच्या आईसारखा दिसतो, आणि ती गेल्यापासून मला ते सहन होत नाही.

"आत्ता गेलो तर पायंदाकाका काय म्हणेल? मारलं म्हणूनच पळाला म्हणेल," तो म्हणाला. "तुम्हाला हवं असेल तर खोली गुलाबपाण्याने धुऊन काढतो, बाबा. पण हलणार नाही."

खरं होतं त्याचं. आमच्याकडे तहाच्या काळात जो दरी सोडतो तो गुन्हा कबूल करतो. माझ्या जागी माझा बाप असता तर त्यानेही मुलाला हलू दिलं नसतं. मी रात्रभर हिशेब मांडला. न दिसता उकिडवं बसून जे सावली धरतं, त्याला वरून खाली यायला पिढ्या लागल्या. एका जागी बसतं ते वर्षानुवर्षं बसतं. मग शेवटचे दोन हात ओलांडायला त्याला किती लागतील? कुणास ठाऊक. उतारावर गार होतं आणि अंगणातही, म्हणजे ते एकटं होतं की अनेक, तेही मला ठाऊक नव्हतं. आणि झल्मय भर दुपारी खाटेवरून गेला होता.

हे डोक्यात आलं तेव्हा मला आधी, खरं सांगतो, बरं वाटलं. माझा मुलगा निर्दोष होता आणि आता ते दाखवता येणार होतं.

४

तहात असताना दुश्मनाच्या दारात जाता येत नाही. मी गावप्रमुख मलिकांकरवी निरोप धाडला आणि पायंदा उतारावर आला, खांद्याला बंदूक अडकवून. दाढी पार पांढरी झाली होती त्याची. सलाम केला नाही, मीही केला नाही.

मी काही न बोलता त्याला वरून खालपर्यंत चालवलं. प्रत्येक झुपक्यापाशी थांबलो. बोटभर रोपांपाशी आलो तेव्हा म्हणालो, हात धर. त्याने धरला नाही. मग वळला आणि म्हणाला, चल.

त्याच्या घरी मी शेवटचा गेलो होतो तो मिसरूड फुटायच्या आधी. बायकांना आत जायला सांगून तो मला मागच्या खोलीपाशी घेऊन गेला आणि कुलूप काढलं. खोलीला खिडकी नव्हती. छताला धुराचं भोक होतं, तेही बुजवलेलं. अंधारात ताज्या जुनिपरचा वास कोंडला होता. पायंदाने काडी ओढली.

खाट तशीच होती. गोधडी घडी करून ठेवलेली, खाली वहाणा. खाटेखालच्या सारवलेल्या जमिनीतून रोपं वर आली होती, दाट, हिरवीगार. अंधारात, पाण्याशिवाय. ही उकिडव्या माणसाची जागा नव्हती. ही आडव्या माणसाची होती. डोक्याकडे अरुंद, खांद्यांना रुंद, पायांकडे निमुळती. माझ्या बारानच्याच उंचीचा होता झल्मय.

काडी विझली.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"पहिल्या हिवाळ्यापासून."

"मग जिरग्याला सांग. माझा पोरगा वाचेल, पायंदा."

त्याने दुसरी काडी ओढली नाही.

"आणि त्याच्या आईला काय सांगू?" तो म्हणाला. "ती रोज विचारते, आपल्या पोराचा सूड कधी घेणार. तिला सांगू की डोंगर आला नि घेऊन गेला? डोंगराला गोळी घालता येत नाही. मला माणूस पाहिजे, सरबिलंदा. बारान पाहिजे असं नाही. पण माणूस पाहिजे."

बाहेर येऊन त्याने कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

५

त्यानंतरच्या शुक्रवारी नमाज झाल्यावर मशिदीपुढे जिरगा भरला होता, कुणाच्या तरी बांधावरून. मी मध्ये जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, झल्मयला मी मारलं.

मग मलिकांनी विचारलं, का? मी म्हणालो, पाण्यावरून. त्यांनी विचारलं, प्रेत कुठे? मी म्हणालो, डोंगरात. तेवढं एक मी खोटं बोललो नाही असं मला वाटतं.

मी पायंदाकडे पाहिलं. तो मान खाली घालून माळेचे मणी ओढत होता. सगळ्यांनी त्याला विचारलं, तुला हे पटतं का? त्याने माळ पुरी ओढून संपवली. मग म्हणाला, पटतं.

निवाडा मला ठाऊक होताच, त्याचसाठी मी उभा राहिलो होतो. खुन्याच्या घराने दरी सोडायची, पुन्हा कधी परतायचं नाही. खुनी मात्र मयताच्या बापाचा. दगड उचलेपर्यंत त्याने स्वतःच्या घराबाहेर पडायचं नाही, मग पायंदाला जे करायचं ते. डोंगर राखायला दुसरा माणूस नेमला. माझं गणित सरळ होतं. बारानला आता पळून जायचं नव्हतं, त्याला हाकललं होतं. शीनो, तिच्या पोटातलं पोर, बारान, तिघंही त्या भिंतीपासून सुटले. माझं आयुष्य तसंही उतरणीलाच लागलं होतं.

एकच गोष्ट मी धरली नव्हती. मला वाटलं होतं, बारान माझ्याकडे पाहील आणि त्याला कळेल. मी अंगण झाडल्याचं खोटं बोललो तरी त्याला कळायचं.

कराचीला जाणाऱ्या ट्रकमध्ये सामान चढलं. शीनो रडत माझ्या पाया पडली. बारान पुढे चढून बसला. मी खिडकीशी गेलो आणि हळूच म्हणालो, बारान, एका जागी फार दिवस राहू नका, सांगेन तुला, सगळं सांगेन.

"दोन वर्षं मी सगळ्या दरीला ओरडून सांगत होतो की आमच्या घराने हे केलं नाही," तो समोर बघत म्हणाला. "आणि तुम्ही माझ्या शेजारी बसून जेवत होतात. मला पुन्हा हाक मारू नका."

ट्रक गेला. मी फोन करत राहिलो. आधी तो कापायचा, मग लागेनासाच झाला.

६

मी बारानच्या खोलीत राहायला गेलो. ते कुणाला तरी घ्यायला आलं असेल तर त्याला कुणीतरी मिळावं, एवढाच विचार. रोज दुपारी मी त्याच्या खाटेवर आडवा व्हायचो, दार उघडं टाकून. आमच्या घरात छताच्या भोकातून दुपारी उन्हाची एक तिरीप खाली येते, जाड, आणि तिच्यात धूळ तरंगते. मी त्या धुळीकडे बघत पडायचो.

अंगणातल्या कोंबड्या एके दिवशी पांगल्या. जिथे बसायच्या तिथे बसेनात, उन्हात चोची उघडून धापा टाकत फिरू लागल्या. त्या दुपारी खाटेवर माझे पाय गार पडले.

मी हललो नाही. तिरीप माझ्या पायांजवळ पडत होती. तिच्यात धूळ फिरत होती, पण सगळीकडे नाही. तिच्या मधोमध एक जागा होती जिथे धूळ जात नव्हती. तिथपर्यंत यायची आणि कडेने वळायची, जसं पाणी खडकाला वळतं. उजेड आरपार होता. मी पलीकडची भिंत पाहू शकत होतो, खुंटीवरची शीनोची विसरलेली ओढणी पाहू शकत होतो. आणि धुळीने आखलेले दोन गुडघे पाहू शकत होतो, वर ओढलेले, आणि त्यांच्यावर टेकलेलं काहीतरी.

मी म्हणालो, घे. आवाज फुटला की नाही ठाऊक नाही.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडे पाठ करून बसलं होतं. गुडघे दाराकडे होते. दारातून अंगण दिसतं, अंगणापलीकडे फाटक आणि फाटकापलीकडे ट्रक गेला तो रस्ता.

किती वेळ मी तसा पडून होतो सांगता येणार नाही. त्याला मी नको होतो, एवढं मला कळलं. आणि ज्याला हे सांगायचं त्याने माझा फोन कायमचा बंद केला होता. मी माझ्याच तोंडाने खुनी झालो होतो. आता मी काहीही सांगितलं तरी ते एका खुन्याचं सांगणं होतं.

पानगळीला बंदी उठली. खालून शेळ्यांच्या घंटा वर चढताना ऐकू आल्या आणि त्यांच्या मागोमाग पायंदा आला. फाटकातून आत, बंदूक हातात. मी उंबऱ्यावर बसलो होतो. मी उठलो नाही.

"मार," मी म्हणालो. "पण आधी एक कर. तुझ्या फोनवरून बारानला फोन लाव. तुझा तो घेईल. त्याला त्या खोलीतलं सांग. सांग, की वर्षभरही एका जागी राहू नको, हलत राहा, पोरालाही हलतं ठेव. ते जे येतं त्याला यायला वेळ लागतो. बारान हलत राहिला तर आयुष्य निभावून जाईल त्याचं. पायंदा, तुझं ऐकेल तो. दुश्मन खोटं कशाला बोलेल?"

पायंदाने माझ्या खांद्यावरून खोलीत पाहिलं. त्याच्या बायकोने त्या सकाळी त्याला काय म्हणून घराबाहेर धाडलं असेल ते मी समजू शकत होतो. त्याने बंदूक भिंतीला टेकवली, फोन काढला आणि कुणाला तरी विचारून आधीच घेतलेला नंबर लावला. आवाज मोठा केला, मला ऐकू यावा म्हणून.

"बारान, मी पायंदा," तो म्हणाला. "झालं. तुझ्या बापाला मी आत्ता संपवलं. हिशेब मिटला. तुझ्यावर माझं काही नाही, तू लपत फिरू नको. तिथेच घर बघ, पोरं वाढव. एका जागी सुखाने राहा."

पलीकडून बारीक, तान्ह्या पोराचं रडणं ऐकू आलं. मला नातवंड झालं होतं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि पायंदाने माझ्या तोंडावर हात दाबला, दुसऱ्या हातात फोन तसाच. म्हाताऱ्याच्या हातात अजून ताकद होती.

"बरं झालं, काका," बारान म्हणाला. "आता कुठे जात नाही. इथेच राहतो."

पायंदाने फोन खिशात टाकला. "माझा एकुलता होता," तो मला म्हणाला. बंदूक उचलली, एकही गोळी न झाडता फाटकातून निघून गेला आणि बाहेरून कडी घातली. मेलेल्या माणसाकडे आता कुणी येणार नव्हतं.

मी खोलीत परतलो. दुपार होती, तिरीप जमिनीवर उतरली होती. मी दारातच थांबून बराच वेळ पाहत राहिलो. तिच्यात धूळ सगळीकडे सारखी तरंगत होती.